पाकिटावरची तारीख बघतो, कोर्सवरची?

मैत्रिणींनो, दुकानात ब्रेडचा पुडा हातात घेतला की आपण तो आधी उलटा करून बघतो. तारीख बघितल्याशिवाय तो पिशवीत जात नाही. दूध, पनीर, लोणच्याची बरणी, मुलांचं खोकल्याचं औषध... सगळ्याची तारीख आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. वीस रुपयांच्या वस्तूसाठी दुकानदाराशी हुज्जत घालतो. पण मुलीला ‘वेब डिझायनिंग’च्या नाहीतर ‘वेब डेव्हलपमेंट’च्या क्लासला घालताना पंधरा-वीस हजारांची फी भरतो, तेव्हा त्या कोर्सवरची तारीख बघतो का? नाही बघत. कारण ती कुठे छापलेलीच नसते. माहितीपत्रकावर असतो एका हसऱ्या मुलीचा फोटो, ‘नोकरीची हमी’ आणि एसी वर्गखोली!

मी कला शाखेची पदवीधर. प्रोग्रॅमिंग माझा विषय नव्हे. पण बचत गटांच्या कामात गेली काही वर्षं मी आहे आणि आमचा गट बारावीनंतरच्या मुलींना, तसंच लग्नानंतर काम सुटलेल्या बायकांना कोर्सच्या फीसाठी कर्ज देतो. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकून जमवलेला हा पैसा. तो कुठे जातो, त्यातून काय हाती लागतं, हे विचारणं आमचं कामच आहे. तेवढ्यासाठी मी या विषयाच्या खोलात शिरले. जे समजलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या गटातल्या एक ताई चार घरी पोळ्या करतात. त्यांच्या लेकीनं गटाकडून १८ हजार रुपयांचं कर्ज घेऊन तालुक्यातल्या एका क्लासमध्ये सहा महिन्यांचा कोर्स केला. एकही दिवस चुकवला नाही. प्रमाणपत्रावर ‘ए’ श्रेणी. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेली, तर समोरच्या मुलानं तिचं प्रोजेक्ट बघून म्हटलं, “हेच पान मोबाइलवर उघडून दाखव.” उघडलं. अक्षरं मुंगीएवढी, अर्धं पान पडद्याच्या बाहेर. मग त्यानं तिचा प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघितला, तो चाललाच नाही. क्लासमधल्या कॉम्प्युटरवर मात्र छान चालत होता! त्यानं विचारलं, “हे तू कुठल्या साली शिकलीस?” ती म्हणाली, “याच वर्षी, सर.”

तिची आई मला म्हणाली, “ताई, पोरगी नापास झाली असती तर समजलं असतं. ही तर पास झाली ना?” या प्रश्नानं मला झोप येईना. मुलगी हुशार, कष्टाळू. शिकवणाऱ्या मॅडमही मनापासून शिकवणाऱ्या. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते अभ्यासक्रमात. वेबचं जग एका जागी थांबत नाही, आणि तो कोर्स एका जागी थांबला होता.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. १९९०च्या दशकात वेबपेज बनवायचं तर मजकूर आणि चित्रं नीट शेजारी शेजारी बसवायला धड साधनच नव्हतं. म्हणून लोक पानावर अदृश्य तक्ता आखायचे आणि त्याच्या चौकटींत सगळं बसवायचे. रंग, अक्षराचा आकार यांसाठी ‘फॉन्ट’ नावाचा टॅग वापरायचे. पण १९९७ साली एचटीएमएलची चौथी आवृत्ती आली, तेव्हाच सांगितलं गेलं की मजकूर एचटीएमएलमध्ये ठेवा आणि त्याचा साजशृंगार सीएसएसमध्ये, वेगळा. २००७ साली आयफोन आला आणि हळूहळू लोक वेबसाइट खिशातल्या पडद्यावर बघू लागले. २०१० मध्ये ईथन मार्कोट या डिझायनरनं ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्द दिला. एकच पान मोठ्या पडद्यावर मोठं, छोट्यावर छोटं, आपोआप जागा करून घेणारं. २०१४ साली एचटीएमएल-५ अधिकृत प्रमाण म्हणून मान्य झालं. २०१७ पासून मुख्य ब्राउझर्समध्ये ‘ग्रिड’ आलं आणि पानाची मांडणी करायला खास सोय झाली. हलत्या चित्रांसाठी कधीकाळी घरोघरी असलेलं ‘फ्लॅश’ २०२० संपताना बंद झालं. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर २०२२ मध्ये निवृत्त झाला.

आता यातली खरी गोम ऐका. ‘फॉन्ट’ टॅग आज बाद आहे, तरी ब्राउझर तो अजून दाखवतो. तक्त्यात बसवलेलं पानही दिसतं. शिळा भात वासावरून तरी कळतो, शिळा कोर्स कळत नाही! क्लासच्या पडद्यावर सगळं झकास दिसतं, परीक्षेत मार्क मिळतात, आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

काही गोष्टी मात्र थेट बंद पडतात. पीएचपी या भाषेत डेटाबेसशी बोलण्याची एक जुनी पद्धत होती. २०१३ मध्ये ‘ही आता वापरू नका’ अशी सूचना निघाली आणि २०१५ अखेर आलेल्या पीएचपी-७ मधून ती काढूनच टाकली. आमच्या मुलीला हीच पद्धत शिकवली होती. क्लासच्या कॉम्प्युटरवर जुनीच पीएचपी भरलेली, म्हणून तिथं चालायचं. बाहेरच्या जगात पहिल्याच ओळीला अडलं.

आणि हा प्रश्न फक्त चालण्या-न चालण्याचा नाही, सुरक्षिततेचाही आहे. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसच्या हुकमात जोडायचा, हे जुन्या नोट्समध्ये सर्रास दिसतं. मग एखाद्या बदमाशानं नावाच्या चौकटीत नावाऐवजी हुकूमच लिहिला तर? डेटाबेस तो पाळतो, आणि ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर सगळं बाहेर! याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. मजकूर आणि हुकूम वेगळे ठेवण्याची पद्धत पीएचपीत कितीतरी वर्षांपासून आहे. ती न शिकवणं म्हणजे मुलीला गॅस पेटवायला शिकवायचं आणि रेग्युलेटर बंद करायला शिकवायचं नाही, असं झालं.

आपल्या मराठीचंही उदाहरण घ्या. पूर्वी मराठी वेबसाइट उघडली की ‘आधी अमुक फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना यायची, आठवतं? फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आज फोनवर आपण सहज मराठी लिहितो ते त्याच्याच जोरावर. तरी टायपिंगच्या आणि डीटीपीच्या किती कोर्सेसमध्ये अजून जुन्या फॉन्टवरच हात बसवतात! छपाईसाठी ते चालत असेल. पण वेबवर तो मजकूर सर्च करून सापडत नाही, मोबाइलवर दिसत नाही. अंध मैत्रिणीला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो समजतही नाही.

मग कोर्स बदलत का नाहीत? मला वाटलं होतं, मालकांना फक्त पैशाशी मतलब असेल. तसं अगदीच नाही हो. आम्ही गटातल्या तिघीजणी त्या क्लासच्या संचालकांना भेटायला गेलो. माणूस वाईट नव्हे. म्हणाले, “वहिनी, इतकी वर्षं कोर्स चाललाय, आजवर कुणाची तक्रार नाही.” मी म्हटलं, “तक्रार करणार कोण? जिला कळत नाही ती शिकतेय, आणि जिला कळलं तिची फी भरून झालेली.” मग ते मोकळेपणानं बोलले. नोट्सच्या पाचशे प्रती एकदम छापून घेतलेल्या, त्या संपल्याशिवाय नवीन छापायच्या कशा? प्रश्नपत्रिकांचा संच जुन्या नोट्सवर बेतलेला. आणि मॅडमना तासावर पैसे. शिकवलं तर पैसे, नवीन शिकायला बसल्या तर शून्य! घरी दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. ती बाई नवीन शिकणार कधी? आपल्या घरकामासारखंच हे. पूर्वतयारीचे तास कुणीच मोजत नाही.

कॉलेजांची गोष्ट आणखी वेगळी. तिथं अभ्यास मंडळ बसतं, मसुदा होतो, मंजुरी होते, मग पुस्तकं निघतात. ही शिस्त हवीच, पण तिला वेळ लागतो. निळ्या पडद्याचा तो ‘टर्बो सी++’ आठवतो? १९९०च्या दशकातलं हे सॉफ्टवेअर. सी++ भाषेचं अधिकृत प्रमाण १९९८ मध्ये ठरलं, तरी आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत २०१० नंतरही मुली त्याच निळ्या पडद्यावर शिकत होत्या.

आणि हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही बरं! परदेशातही शाळा-कॉलेजं मागे पडली होती. म्हणून २००८ मध्ये ऑपेरा या ब्राउझर कंपनीनं वेबच्या प्रमाणांवर आधारलेला अभ्यासक्रम फुकट खुला केला. २००९ मध्ये ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी गटानं शिक्षकांसाठी ‘इंटरॅक्ट’ नावाचा अभ्यासक्रम आणला. दोन्ही उत्तम. पण वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टनं २०१३ साली काम थांबवलं, आणि त्यानंतरही वेब पुढे जातच राहिलं. चांगला अभ्यासक्रम एकदा बनवून भागत नाही, तो रोज हलवणारा हात लागतो. याउलट २०१४ साली सुरू झालेला ‘फ्रीकोडकॅम्प’ किंवा ‘ओडिन प्रोजेक्ट’ बघा. त्यांचे धडे सगळ्यांसाठी उघडे आहेत. चूक दिसली की कुणीही दुरुस्ती सुचवतं, जाणकार ती तपासतात आणि धडा बदलतो. ‘एमडीएन’ हा वेबचा मोठा संदर्भग्रंथ २००५ पासून असाच सांभाळला जातो, आणि २०२४ मध्ये त्यांनी नवशिक्यांनी काय काय शिकावं याचा आराखडाही दिला. सगळं फुकट. इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आहेत. फक्त त्यातला कुठला धडा कधीचा, हे बघून घ्यायचं.

आता कुणी म्हणेल, मग दर सहा महिन्यांनी सगळं बदलून टाकूया! तेही खरं नाही. काही क्लास तेच करतात. जे नाव गाजतंय त्याचा बोर्ड लावतात. ‘अँग्युलरजेएस’ २०१० मध्ये आलं, त्याचे कोर्स धडाधड निघाले. २०१६ मध्ये त्याच कंपनीनं ‘अँग्युलर’ जवळजवळ नव्यानं लिहिलं आणि जुन्याची देखभाल २०२१ अखेर संपली. ‘रिअ‍ॅक्ट’ शिकताना पहिल्याच दिवशी जे साधन वापरायला सांगायचे, ते ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ २०१६ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. ज्या मुलींनी फक्त ते साधन शिकलं, पण खालची जावास्क्रिप्ट शिकली नाही, त्यांचे हात रिकामे राहिले.

यातला मधला मार्ग मला माझ्या स्वयंपाकघरातच सापडला. आपल्याकडे धान्याची कोठी असते, मसाल्याचे डबे असतात आणि भाजीची टोपली असते. कोठी वर्षाची भरतो. मसाले अधूनमधून हुंगून बघतो. भाजी रोज ताजी लागते. कोर्सचंही तसंच असावं.

कोठीतलं धान्य म्हणजे एचटीएमएलची अर्थपूर्ण मांडणी, सीएसएसचे नियम, जावास्क्रिप्टचा पाया, ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात, डेटाबेसला प्रश्न कसा विचारायचा, आणि सुरक्षितता. हे लवकर शिळं होत नाही. कोर्सचा मोठा भाग हाच हवा. मसाले म्हणजे भाषांच्या आवृत्त्या. जावास्क्रिप्टचं प्रमाण २०१५ पासून दर वर्षी सुधारतं, पीएचपीची नवी आवृत्तीही साधारण दर वर्षाच्या शेवटी येते. हे वर्षातून एकदा तपासायचं. आणि भाजी म्हणजे फ्रेमवर्क आणि साधनं. दर बॅचला बाजारात जाऊन ताजं काय ते बघायचं, थोडंच घ्यायचं आणि मुलींना सांगायचं की उद्या दुसरं येईल, तेव्हा घाबरू नका.

मॅडमना ही कल्पना एकदम पटली. संचालकांशी बोलून त्यांनी तीन-चार साधे बदल केले. नोट्स बाइंड करायच्या नाहीत, फाइलला लावायच्या. म्हणजे एक पान बदललं तर पाचशे पुस्तकं रद्दीत जात नाहीत. प्रत्येक पानाखाली ‘तपासणी : अमुक महिना, अमुक साल’ असं लिहायचं. पुड्यावरच्या तारखेसारखं! प्रत्येक बॅचच्या आधी मॅडमना दोन दिवसांचे पैसे फक्त अभ्यासासाठी. त्या दोन दिवसांत सगळी प्रोजेक्ट्स नव्यानं भरलेल्या कॉम्प्युटरवर चालवून बघायची. जे अडेल ते बदलायचं. आणि बॅचमध्ये एक रविवार नोकरीला लागलेल्या जुन्या मुलीला बोलवायचं, तिथं रोज काय वापरतात ते सांगायला. पहिल्या वर्षी या दोन दिवसांच्या पैशांतला अर्धा वाटा आमच्या गटानं उचलला. एका मुलीच्या फीपेक्षा तो कितीतरी कमी होता.

आणि ती मुलगी? मॅडमनी तिला रविवारी बोलावून तेच प्रोजेक्ट पुन्हा लिहायला लावलं. पाया होताच, त्यामुळे दीड महिन्यात झालं. तिनं गटाच्या पापड-मसाल्यांचं पान केलं. मराठीत, युनिकोडमध्ये, मोबाइलवर नीट दिसणारं. प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन शब्दांत लिहिलेलं, म्हणजे न दिसणाऱ्यालाही कळावं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाल्यापासून अशा गोष्टींना वजन आलंय, पण कायदा नसता तरी माणुसकी म्हणून ते शिकवायला हवंच. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी तिला शिकाऊ म्हणून घेतलं. पगार थोडा आहे, पण कर्जाचे हप्ते आता ती स्वतः भरते.

अलीकडे एक नवीन प्रश्न येतो. “एआय सगळं लिहून देतो, मग कोर्स कशाला?” २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हापासून पालक हे विचारतात. एआय लिहून देतो हे खरंच. पण तो इंटरनेटवरचं जुनं-नवं सगळंच वाचून शिकलेला. त्यामुळे कधी कधी जुनी पद्धतही तो तितक्याच ऐटीत लिहून देतो. त्यातलं ताजं कोणतं, शिळं कोणतं, धोक्याचं कोणतं हे ओळखणारी नजर तर आपल्या मुलीकडेच हवी ना? तयार पीठ मिळालं तरी भाकरी कच्ची की भाजलेली ते करणारीलाच बघावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलीचा, सुनेचा किंवा तुमचा स्वतःचा प्रवेश घेण्याआधी एवढे प्रश्न जरूर विचारा. तुम्हाला तांत्रिक उत्तरं समजायची गरज नाही. उत्तर देणारा चाचपडतो का, एवढं आपल्याला नक्की कळतं.

१. नोट्स शेवटच्या कधी तपासल्या? त्या कुणी तपासल्या?
२. मागच्या बॅचच्या मुलींनी केलेली प्रोजेक्ट्स माझ्या मोबाइलवर उघडून दाखवाल का?
३. पीएचपी, पायथॉन किंवा जे शिकवता त्याची कुठली आवृत्ती कॉम्प्युटरवर आहे? तिला आजही सुरक्षा दुरुस्त्या मिळतात का?
४. जावास्क्रिप्टचा पाया किती आठवडे, आणि फ्रेमवर्क किती आठवडे?
५. फॉर्ममधून येणारा मजकूर आणि पासवर्ड सुरक्षित कसे ठेवायचे, हे कुठल्या धड्यात आहे?
६. शिकवणाऱ्यांना स्वतः शिकायला वेळ आणि पैसे देता का?
७. मराठी पान युनिकोडमध्ये करायला शिकवता का?

यातला सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर बाकीची उत्तरं आज नाही तरी उद्या सुधारतील. ते ‘नाही’ असेल, तर आजचा ताजा कोर्सही दोन वर्षांत शिळा झालाच म्हणून समजा.

एकट्या बाईनं विचारलं तर कदाचित उडवाउडवीची उत्तरं मिळतील. म्हणून गटानं जा, मंडळानं जा, शेजारणी-शेजारणी मिळून जा. पाच जणींची फी एकत्र चालत आली की संचालकसुद्धा खुर्ची पुढे करतात! भांडायचं नाही, पण विचारल्याशिवाय पैसेही मोजायचे नाहीत. रोज ब्रेडचा पुडा उलटा करून बघणाऱ्या आपण, एवढं आपल्याला सहज जमेल.